म्हातारी सरळ चालते

प्रिय ताई,

लिहायचं लिहायचं म्हणून हे पत्र इतकं ढकलत आलोय की आता पेन धरलं तरी हात वळत नाही. आधी वाटलं कागद बरा नाही. कागद आणला तर पाकीट नाही. पाकीट आणायला निघालो तर वाटेत एकाची सायकल पंक्चर झालेली, तिथेच रमलो. तू म्हणशील, ह्याचं नेहमीचंच. पण तू फोन घेत नाहीस. 'सांगण्यासारखं असेल तर लिही' म्हणालीस, आणि निबंधाच्या तासाला मी कुंपणावरून पसार व्हायचो हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? चुकलंमाकलं सांभाळून घे.

आधी माझी बातमी. तुझा भाऊ नोकरीला लागलाय. हसू नकोस! ट्रक झाले, हॉटेलचा भटारखाना झाला, मोबाइल दुरुस्तीची टपरी झाली. आता गेम बनवणाऱ्या कंपनीत खुर्ची धरून बसलोय. काम म्हणजे तयार होत असलेला गेम दिवसभर खेळायचा आणि मोडून बघायचा. प्रत्येक भिंतीवर जाऊन धडकायचं. डोकं आरपार गेलं की लिहून कळवायचं, इथे चूक आहे. आईला म्हटलं, मला भिंतीवर डोकं आपटायचा पगार मिळतो. ती म्हणाली, 'मग बरंय की. आजवर फुकटच आपटत होतास.'

या धंद्याला आपल्याकडे आता चांगले दिवस आलेत बघ. पूर्वी इथली माणसं परक्यांच्या गेमसाठी नुसती गवताची आणि दगडांची चित्रं काढून द्यायची. आमच्यातल्या एकाने तर ऐन उमेदीची वर्षं ट्रकची चाकं काढण्यात घालवली. त्याला सगळे चाकेश्वर म्हणतात. आता स्वतःचे गेम निघतायत, आपल्या भाषेत बोलणारे. पेपरात फोटो येतात, गल्लोगल्ली कंपन्या उघडतायत. आमची कंपनी एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात आहे. भिंतीवर अजून 'सोफ्यावर भरघोस सूट' लिहिलेलं आहे आणि बसायला मोडक्या खुर्च्या. असो, मी भरकटलो.

आमचा गेम एका म्हातारीचा आहे. तिची शेळी हरवते आणि ती दारोदार विचारत फिरते. बस, एवढंच. बंदूक नाही, मारामारी नाही, कोण खेळणार म्हणून सगळे नाक मुरडत होते. या म्हातारीची चाल खरी हवी होती. आमच्याकडे हालचाली टिपणारी एक मुलगी आहे, जाड भिंगांची, तिला आम्ही चष्मा म्हणतो. ती म्हणाली, आयुष्यभर चाललेली बाई हवी. मी म्हटलं, मग माझी आईच की! उभा जन्म टपाल वाटत पायी फिरली. आईला अंगाला घट्ट बसणारा काळा पोशाख घातला, त्यावर सगळीकडे पांढऱ्या गोळ्या चिकटवल्या. चारी बाजूंना कॅमेरे. 'या वयात सर्कशीत घातलंस रे,' म्हणत होती, पण चालली मात्र अशी, जणू कुणी तिच्या पिशवीत पत्रं भरून दिलीत. मध्येच थांबून तिने नसलेल्या दारावर टकटक केली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. किती वर्षांनी तिला एवढी हसताना पाहिलं मी.

थोड्या दिवसांनी चाकेश्वराने चूक नोंदवली. म्हातारी चालताना डावं पाऊल जमिनीला घासतं, दुरुस्त करावं. तो माझ्या शेजारीच बसतो, पण आई आली त्या दिवशी तो नव्हता. त्याला माहीत नव्हतं म्हातारी कोणाच्या पायांनी चालतेय ते. चष्म्याने कॅमेऱ्यांनी टिपलेली मूळ चाल पुन्हा पुन्हा लावून पाहिली आणि खाली उत्तर लिहिलं, 'चूक नाही. असंच आहे.' आमच्याकडे असं लिहिलं की ती नोंद बंद होते. मग ती मला चहाला घेऊन गेली आणि कप नुसता फिरवत राहिली. शेवटी म्हणाली, 'आईंना काही होतंय का रे?' मी हसलो. म्हटलं, अगं, ती माझ्यापेक्षा भरभर चालते.

घरी आलो. दाराशी तिच्या चपला होत्या. उजवी धड होती. डावीचा अंगठ्याकडचा भाग पार झिजून कागदासारखा झालेला. ताई, एका घरात राहतो आम्ही. रोज त्या चपला ओलांडून जात होतो मी.

डॉक्टर म्हणाले, मज्जातंतूंचा आजार आहे. पायांपासून सुरू होतो. मग हात, मग गिळणं, मग श्वास. थोपवता येतं काही काळ, थांबवता येत नाही. मी खुर्चीचा हात धरून बसलो होतो, आणि आई त्यांना विचारतेय, 'जिने चढू ना तोवर?' बाहेर आल्यावर मलाच पाणी पाजलं तिने.

इकडे कंपनीत साहेबांनी नोंद पुन्हा उघडली. म्हणाले, लोकांना वाटेल आपलं काम कच्चं आहे, पाय सरळ करा. चष्मा खूप भांडली, रडलीसुद्धा. पण गेम बाहेर पडायची तारीख ठरलेली. शेवटी तिलाच ते पाऊल उचलून नीट ठेवावं लागलं. गेम निघाला आणि चालला, ताई! लोक शेळीसाठी रडतायत, आणखी दोन कंपन्यांनी आम्हाला बोलावलंय. मी आईला मोबाइलवर दाखवला. ती बराच वेळ त्या म्हातारीला रस्त्याने नेत राहिली. मग म्हणाली, 'ही कोण बाई? छान सरळ चालते.' मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, 'बरं झालं. ताईने कुठे बघितलं तर तिला कळायचं नाही.'

तू तिच्या मनाविरुद्ध लग्न करून गेल्यापासून या घरात तुझं नाव पहिल्यांदा निघालं ते असं. दाजींना ती 'तो माणूस' म्हणायची, तुला काहीच म्हणायची नाही. आपण सगळ्यांनी या अबोल्यावरही 'असंच आहे' लिहून टाकलं होतं ना? ती काही बंद झालेली नोंद नव्हती गं. आता काठी आलीय, उजवं पाऊलही जड झालंय. तुला कळवायचं नाही अशी तिने मला शपथ घातलीय. म्हणून हे पत्र. ती अजून उठून दार उघडू शकते, तोवर ये. रागात ये, भांडायला ये, पण ये.

थांब, बेल वाजली. मी उठणार तोच आई 'मी बघते' म्हणत भिंत धरून गेली. दारात कोण असावं? दाजी! एकटेच, खांद्यावर सुतारकामाची पिशवी. आईनेच दुकानावर फोन करून बोलावलंय त्यांना, भिंतींना धरायला दांडे बसवून घ्यायचे म्हणून. त्यांच्या दुकानाचा नंबर तिच्याकडे होता हे मला आज कळतंय. म्हणाली, 'आलात? या. उंबरा उंच आहे, जपून.' तो माणूस नाही म्हणाली, ताई, आलात म्हणाली. दाजींनी मोजायला टेप काढली तर आधी पाणी घ्या म्हणाली. आणि आता दबक्या आवाजात सांगतेय, 'तिला बोलू नका हं यातलं.' दाजी मान खाली घालून म्हणाले, 'नाही बोलत.' मग तिने माझ्याकडे पाहिलं. मीही म्हटलं, नाही बोलत. तेव्हा हा कागद मी पाठीमागे धरला होता.

तुझाच,
भिंगरी