लोण्याचा वास

प्रिय लाउतारो,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी तुटक बोलले, हे तुलाही जाणवलं असेल. शेगडीवर पातेलं उतू जायला आलं होतं हे खरं, पण कारण तेवढंच नव्हतं. सोलेदादचं आणि तुझं फिस्कटलं, हिवाळ्याआधी घरी येतोस, असं तू सांगितलंस. मी नुसतं 'ये' म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. काम नसताना अंगणात जाते, काय आणायला आले ते विसरते, पुन्हा आत येते.

तू तिकडे दूर दक्षिणेला, उश्वायाला गेलास तेव्हा तुझं बिअरचं सगळं सामान मागच्या शेडमध्ये तसंच पडून होतं. तुझे बाबा गेल्यावर मला घर खायला उठायचं. शेजारच्या एल्विराने स्वेटर विणायला बसवलं. हात गुंतले, डोकं मोकळंच राहिलं. मग एकदा शेड झाडताना तुझं बिअरचं मोठं पातेलं बाहेर काढलं. पहिली बिअर अशी आंबली की कोंबड्यांनीही तोंड फिरवलं. मला रागच आला. शाळेत पोरांना रसायनशास्त्र शिकवण्यात जन्म गेला आणि साधं जवाचं पाणी मला नीट आंबवता येईना!

इथे घरी बिअर करणाऱ्या हौशी लोकांचा एक अड्डा आहे. दर शनिवारी आन्सेल्मोच्या गॅरेजमध्ये जमतात. आन्सेल्मो म्हणजे आपल्या गाईला तपासायला यायचा तोच गुरांचा डॉक्टर, आता निवृत्त झालाय. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळतात, म्हणजे कोणती कोणाची ते कळत नाही. माझी बाटली उघडली तेव्हा त्याने एकदाच वास घेतला आणि ग्लास खाली ठेवला. लोण्याचा वास येतोय म्हणाला, कोणाची ही?

"माझी. का, लोणी चालत नाही तुम्हाला?"

सगळे हसले, तो हसला नाही. "नेलिदा, यीस्ट स्वतः केलेली घाण, हा लोण्याचा वासही, स्वतःच निस्तरतं. शेवटी त्याला थोडं उबेत राहू द्यायचं असतं. तुम्ही जेवत्याच्या पुढचं ताट ओढावं तशी बिअर काढून घेतलीत."

रागारागाने घरी आले. पण बोलणं डोक्यातून जाईना. मग एकाच पातेल्यातला रस बरण्यांमध्ये वाटून प्रत्येकीत एकेकच गोष्ट बदलायला लागले. कधी यीस्ट वेगळं, कधी ऊब कमी. ओढ्याचं पाणी आणि नळाचं पाणी शेजारी ठेवून चाखलं. नाकाला वळण लावायला कच्ची सफरचंदं हुंगली, ओला पुठ्ठा हुंगला, लवंग हुंगली. एल्विराला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. आन्सेल्मो पुस्तकं देत गेला, नंतर पुस्तकांवरून भांडायलाही लागला. तुझे बाबा गेल्यावर पहिल्यांदाच माझ्याशी कोणीतरी सांभाळून न घेता बोलत होतं.

या वर्षी हॉप्सची तोडणी झाली, तेव्हा वेलीवरून काढलेली त्याची ताजी कडू फुलं घालून एक फिकट बिअर केली. या वेळी यीस्टचं काम संपेपर्यंत मन मारून थांबले. बरिलोचेच्या एका लहान ब्रुअरीची मालकीण, मार्लेने, हॉप्स घ्यायला आली होती. शनिवारी गॅरेजमध्ये तिने ती चाखली, मग पुन्हा ग्लास पुढे केला. तिला आंबवणीच्या खोलीवर लक्ष ठेवायला माणूस हवं होतं. मी आधी माझं वय सांगून टाकलं. ती म्हणाली, "पिंपं उचलायला माणसं आहेत माझ्याकडे. मला नाक हवंय." मी विचार करून सांगते म्हटलं, आणि तिची गाडी वळायच्या आत हो म्हणून आले.

त्यानंतर तुझा फोन आला.

एल्विराने मला चांगलंच झापलं. "पोरगं संसार मोडून घरी येतंय, आणि आई निघाली दारू गाळायला!" मी बिअर म्हणून दुरुस्त केलं, तर आणखी चिडली. पण ती गेल्यावर मी तुझी खोली झाडली, गादीला ऊन दिलं आणि मार्लेनेला नाही म्हणून कळवायचं ठरवलं. तू येशील, मी पाव भाजेन, तू न बोलता खाशील, मी तुझ्या तोंडाकडे बघत बसेन. हे सगळं डोळ्यांपुढे आलं आणि बाळा, मार्लेनेला कळवायला हातात घेतलेला फोन मी खाली ठेवला. तुझ्यावर माया नाही म्हणून नव्हे. त्या टेबलाशी बसून राहणं मला आता जमणार नाही, म्हणून.

फोनवर हे सांगायला जीभ रेटली नाही, म्हणून लिहितेय. तू येशील तेव्हा मी घरी नसेन. सोमवारी बरिलोचेला जातेय. किल्ली एल्विराकडे आहे, लाकडं फोडून रचलीत, घर तुझंच आहे, हवं तितकं राहा. राग आला तर बस धरून ये आणि तोंडावर भांड. रडायचं असेल तरी ये, तिथल्या माझ्या खोलीत दुसरी खाट आहे. फक्त 'आई, परत चल' म्हणू नकोस. तू म्हणालास तर मी येईन, म्हणून म्हणू नकोस.

तुझीच, कुठेही असले तरी,
आई