चांदी घोटणारे हात

घाटकोपर
१२ ऑगस्ट १९८६

प्रिय शेवंती,

तुझं पत्र मिळालं. दातात भरतात त्या चांदीत पारा असतो असं पेपरात वाचलंस आणि लगेच विचारतेस, ताई, दाढ काढून टाकू का? अगं वेडे! आमच्या नंदकिशोर डॉक्टरांनी भरलेली चांदी तीन वर्षं तुझ्या दाढेत मुकाट बसली आहे, बसू दे तिला. ती कोरून काढायला गेलं की उलट पाऱ्याची वाफ सुटते, असं डॉक्टर म्हणतात. खुशाल चणे खा.

मला भीती वेगळीच आहे. सोमवारपासून तू माझ्या जोडीला दवाखान्यात येणार असं ठरलं होतं. मीच डॉक्टरांच्या मागे लागून तुला चिकटवली. आता काम काय ते ऐक. खलात चांदीची भुकटी न् पारा घोटायचा, फडक्यात घालून पिळायचा, मग तो गोळा तळहातावर मळून डॉक्टरांना द्यायचा. उघड्या हातांनी. नऊ वर्षं मी हेच केलं. लग्नातली अंगठी पांढरी पडली तेव्हा सोनाराने फसवलं म्हणून त्याच्या दुकानात असा तमाशा केला की गिऱ्हाइकं उठून गेली. तो बिचारा म्हणाला, बाई, सोनं चोख आहे, तुम्ही पाऱ्यात हात घालता का? अंगठी उचलून मी घरी आले. तरी अक्कल आली नाही बघ. अंगठी काढून पर्समध्ये ठेवली आणि घोटत राहिले.

हल्ली सुईत दोरा ओवताना हात थरथरतो. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही खेपेला टिकलं नाही, ते तुला ठाऊकच आहे. पाऱ्यामुळेच, असं मी म्हणत नाही. डॉक्टरांना विचारलं, त्यांनाही छातीठोकपणे सांगता येईना. पण नाही असंही ते म्हणाले नाहीत गं. घरी येऊन मी पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी पदर खोचून सांगितलं, घोटायचं यंत्र आणा, हातमोजे आणा, नाहीतर चांदी तुम्हीच मळा. डॉक्टर आधी हसले, मग माझा चेहरा बघून कबूल झाले. यंत्र दिवाळीपर्यंत येईल म्हणतात. तोवर मी नुसती पेशंटची नावं लिहिते. कुणी काही म्हणो, मी हटणार नाही.

आता खुशाल रागव. तुझी नोकरी मी मोडली. तुला न विचारता डॉक्टरांना सांगून आले, माझी बहीण येणार नाही. तुझ्या नवऱ्याचा साकीनाक्याचा कारखाना बंद आहे, घर कसं चाललंय, सगळं कळतं मला. पण तुला चौथा लागलाय गो बाय. शिव्या दे, वर्षभर बोलू नकोस. बारशाला बोलावलं नाहीस तरी मी येणारच.

तुझ्या शिव्यांची वाट बघणारी, तुझीच,
वनमालाताई