गळ्यासारखं दिसणारं वर्गसमीकरण

प्रिय दादा,

इथूनच पाया पडते. (गुडघे दुखत असतील तर उगाच उठू नकोस, बसल्या जागी आशीर्वाद दे.) वहिनींचा खोकला थांबला का? आम्ही सगळे मजेत. माझं काही काम नाही, सहज लिहितेय.

शिवणवर्गात शिकवणाऱ्या बाईंची जागा रिकामी झाली आहे, हे तुला माहीत आहेच. त्या जागेला दहावी पास बाई हवी, आणि माझं गणित तेवढं राहिलेलं. म्हणून संध्याकाळच्या वर्गाला जाते. परवा सरांनी आलेख काढून आणायला सांगितला : य बरोबर क्ष वर्ग उणे चार. मी क्ष ला एकेक किंमत देत ठिपके मांडले. उजवीकडचे ठिपके शहाण्यासारखे वर चढले, डावीकडचे मात्र सरळ पाताळात निघाले. ह्यांनी चहा पिता पिता डोकावून विचारलं, "कुणाचा झगा गं? एक खांदा पार उतरलाय." मी म्हटलं, "तुमच्या बहिणीचा." (ही थट्टा नणंदबाईंपर्यंत जाऊ देऊ नकोस.) पण मनात खटकलं. पुन्हा बघितलं, तर उणे दोनाचा वर्ग मी उणे चार केला होता! उण्याला उण्याने गुणलं की अधिक होतं, हे मी सोयीस्कर विसरले होते.

चूक सुधारली आणि काय सांगू, कागदावर झग्याचा गोल गळा उतरला! दोन्ही बाजू अगदी सारख्या. पट्टी न लावता हातानेच ठिपके जोडत गेले. आणि मग सवयीने घात केला. मधल्या उभ्या रेषेवर कागद दुमडला, कात्री उचलली, आणि शिलाईला माया सोडून गळा कापून मोकळी झाले.

वर्गात सरांनी तो कागद वर धरला. "बाई, आलेख काढायला सांगितला होता, बेतायला नाही!" सगळे खो खो हसले, मीही हसले. मग सरांनी विचारलं, दुमडल्यावर दोन्ही बाजू जुळल्या कशा? मी म्हटलं, "दोनाचा वर्ग केला काय नि उणे दोनाचा केला काय, सारखाच येतो ना सर." त्यांनी मला नवा कागद दिला. तो आलेख मी तिथेच, न कापता काढला. घरी येताना, इतकी वर्षं लांबूनच घाबरवणारं कुणी जवळून बघितलं तर बरंच साधं निघावं, तसं वाटत होतं.

तुझीच,
धाकटी

ता. क. सोमवारी परीक्षा आहे. ह्यांना दुकान सोडता येत नाही. तू येऊन फाटकाबाहेर नुसता बसशील का? शिकवू नकोस, धीरही देऊ नकोस. बाहेर आल्यावर कुणीतरी आपलं दिसावं, एवढंच.

ता. क. २ : नापास झाले तर पुढच्या खेपेला पुन्हा बसणार आहे. तेव्हाही तुलाच यायचंय, म्हणून सगळी रजा एकदम संपवू नकोस.