समोरच्या खुर्चीवरचं माणूस

बाई, लेकरं झाल्यावर ज्यांनी पुन्हा दप्तर उचललं, त्या आम्हा सगळ्यांना एकच टोमणा ऐकावा लागला: आता या वयात कशाला? आम्ही अंगणवाडीच्या सेविका, कचेरीतले शिपाई, तो एसटीचा वाहक, शिवणकाम करणाऱ्या त्या दोघी जावा, तुमच्या रविवारच्या वर्गात बसलेल्या प्रत्येकानं तो घरात ऐकला, बसमध्ये ऐकला, प्रवेशाचे पैसे घेणाऱ्या कारकुनाच्या तोंडूनही ऐकला. त्या टोमण्याला उत्तरं देत देत मी बोलायला शिकले, आणि पुढं लोक मला व्यासपीठावर बोलवायला लागले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, मी कधी लिहिलं नाही. आज लिहितेय, कारण आज दुपारी इथं नांदेडमध्येच एका वर्गात उभी असताना मला ओकारी आली. भाषणात म्हणतात तशी नाही. खरीच आली, तोंडाला पदर लावून बाहेर पडावं लागलं.

तिथं उद्या माझं भाषण आहे. वर्ग आपलाच म्हणा ना. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या मोठ्या माणसांना बी.ए.ला बसण्याजोगं करायचं, मानसशास्त्र आणि समाजशास्त्राची तयारी करून घ्यायची. केंद्राचे प्रमुख हौशी आहेत. चहा झाला, शाल कोणत्या रंगाची आवडेल ते विचारून झालं, मग त्यांनी प्रात्यक्षिकाच्या वह्यांची चळत अभिमानानं माझ्यापुढं ठेवली. मी एक उघडली. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्या माणसाला, तुम्ही शिकवलंत तसं, अजूनही 'प्रयुक्त' म्हणतात. प्रयुक्त: पुरुष, सुशिक्षित, स्वभाव शांत व सहकार्य करणारा. दुसरी वही उघडली, तर त्यातही तोच शांत पुरुष. तिसरीत तोच. भोकरकडच्या बायका, किनवटकडची माणसं, सगळ्यांच्या घरी हा एकच पुरुष कसा काय राहून राहिला? आणि बाई, त्यात तो आपला जुना प्रश्नही होता, नळाचा. सगळ्या वह्यांत एकच उत्तर, एकाच वळणाचं: नळ बंद करीन.

"सर, हा प्रयुक्त कोण?" मी विचारलं.

"तो होय मॅडम? बाहेर झेरॉक्सच्या दुकानात तयार वही भेटते. फक्त वरचं नाव टाकायचं. आता प्रयुक्त कोण आणून राहिलंय? सगळे पास होतात की."

"आणि कुणी आणलाच तर?"

"आणला की भलतंच बोलतो. मग मार्क जातात." ते हसले. बिस्किटाची बशी त्यांनी माझ्याकडं सरकवली.

फळ्याजवळ खुर्च्या लावत असलेली एक बाई माझ्या मागोमाग व्हरांड्यात आली. भोकरजवळच्या एका खेड्यातली, तीही अंगणवाडीतच आहे, वरच्या जागेसाठी शिकतेय. मी चूळ भरत होते. ती हळूच म्हणाली, "ताई, माझी सासू येते म्हणली होती हो. कवाची पेटीतलं लुगडं काढून बसली होती. सर म्हणले नको, परीक्षा या रविवारी हाय, ती काही बी बोलंल आन तू बसशील नापास."

लुगडं काढून बसली होती. तेव्हाच मला तुम्ही दिसलात.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झालेला आहे. कचेऱ्यांच्या नव्या पाट्यांचा रंग वाळलेला नाही, पण विहिरी वाळल्या आहेत. नव्या जिल्ह्यात नवी पदं निघणार, मुख्यसेविकेच्या जागा निघणार, आणि त्यासाठी निदान बी.ए.च्या वाटेला लागलेली बाई पाहिजे, असं आम्हाला सांगितलेलं आहे. म्हणून मी देवणीहून दर रविवारी पहिली बस धरून तुमच्या वर्गाला येते. तुम्ही टेबलावर पाण्यानं भरलेला फिरकीचा तांब्या ठेवता. तो तुमच्या घरचा पिण्याच्या पाण्याचा दिवसाचा वाटा असायचा हे मला फार उशिरा कळलं.

प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला ज्यानं त्यानं आपला प्रयुक्त घेऊन यायचा. माझा नवरा म्हणाला, "मी न्हाई येत. तू माझी अक्कल मोजणार आन गावभर सांगणार." राहिल्या माझ्या आत्याबाई, माझी सासू. 'या वयात कशाला' हे सगळ्यात जास्त वेळा ज्यांनी म्हटलं, त्याच. मी विचारलं तर त्या म्हणाल्या, "तिथं प्यायला पाणी भेटतंय का?" मी म्हटलं, भेटतंय. "मग येते. पर नवं लुगडं नेसणार."

बाई, मी पुढं पुष्कळ सभा गाजवल्या, पण आत्याबाईंनी त्या दिवशी गाजवली तशी एकही नाही. परीक्षक मोठ्या शहरातून आलेले, स्वतःचं पाणी थर्मासमध्ये घेऊन. चाचणी कुठल्या तरी लांबच्या देशातून भाषांतर होत होत आलेली. मी कार्ड वाचायचं, आत्याबाईंनी उत्तर द्यायचं. आठवड्याचे वार सांगा म्हटलं, तर म्हणाल्या, "बाजाराचा सोमवार. बाकीचे घेऊन काय करू?" मग ते कार्ड आलं. रस्त्यानं जाताना एक नळ उघडा राहिलेला दिसला, पाणी वाहून चाललंय, तुम्ही काय कराल?

आत्याबाई खुर्चीच्या कडेवर पुढं सरकल्या. "कुठं?"

"कुठंही. समजा."

"समजा काय? ठिकाण सांग की. लई लांब हाय का?"

वर्ग हसायला लागला. मी पुन्हा वाचलं. त्या म्हणाल्या, "घागर लावीन. भरली की दुसरी लावीन. आन तुझ्या चुलतसासूला मातर सांगणार न्हाई."

परीक्षक हसले नाहीत. "शून्य लिहा," म्हणाले, "बरोबर उत्तर: नळ बंद करीन." शेवटी बेरीज झाली तेव्हा ती तक्त्यात अगदी तळाच्या रकान्यात पडली. परीक्षकांनी मला निष्कर्ष सांगितला, लिहा, प्रयुक्ताची बुद्धी मंद. आणि ते पुढच्या टेबलाकडं वळले.

माझ्या पेनाचं टोक आत्याबाईंच्या उत्तरावर होतं. खोडून 'नळ बंद करीन' लिहायला कितीसा वेळ लागतो? बेरीज वर सरकली असती, तो शब्द टळला असता, मी पास झाले असते. तुम्ही मागून आलात आणि कागदावर बोट ठेवलंत. "खोडू नकोस. गुण तुझे आहेत, शब्द त्यांचे आहेत."

"बाई, माझी जागा जाईल."

"जाईल," तुम्ही म्हणालात. एवढंच. समजूत नाही, पाठीवर हात नाही. त्या क्षणी मला तुमचा इतका राग आला होता की तुम्हाला सांगता यायचं नाही. मी आत्याबाई बोलल्या तसंच ठेवलं, चुलतसासूसकट. निष्कर्षात लिहिलं की आमच्या गावात टँकरची वाट पाहावी लागते, आणि चालत्या नळाला आमच्याकडं घागर लावतात. 'मंद' लिहिलं नाही. परीक्षकांनी मला नापास केलं. तुम्ही तांब्या उचलून आत्याबाईंना दिलात, आणि त्या मेलीनं तो सगळा संपवला. तोंड पुसून विचारलं, "माझं काय निघालं?" तुम्ही म्हणालात, "तुमचं चांगलं निघालं. हिचं राहिलं." परतीच्या बसमध्ये आत्याबाईंनी ते देवणी येईपर्यंत सगळ्यांना सांगितलं: मी पास, सून नापास.

आत्याबाई काही थोर बाई नव्हत्या. पाणी शेजारणीपासून लपवणारी, लेकीला तूप आणि सुनेला ताक वाढणारी सासू होती ती. पण ती होती, बाई. समोरच्या खुर्चीवर एक माणूस होतं. मुख्यसेविकेची जागा दुसरीला गेली. पुढच्या वर्षी आत्याबाई आपणहून तयार झाल्या, "चल, तुला पास करून आणते" म्हणाल्या, नळाचं उत्तर शब्दशः तेच दिलं, परीक्षक दुसरे होते आणि मी पास झाले. अशी ती परीक्षा!

मला त्या झेरॉक्सवाल्याची किळस नाही. तो कागद विकतो, उद्या लग्नपत्रिका विकेल. किळस याची येते की माणसाच्या मनाचा अभ्यास करायला बसलेल्यांनी माणूसच दाराबाहेर ठेवला, तोही मार्क जातील म्हणून. ज्यांना 'तुम्हाला काय कळतं' म्हणून जगानं वर्गाबाहेर काढलं, ते वर्गात शिरल्याबरोबर आपल्या सासूला म्हणतात, तुला काय कळतं. ज्यांच्या नळातून या उन्हाळ्यात नुसती हवा फुसफुसते, त्यांच्या वह्यांत एक शांत, सुशिक्षित पुरुष पानोपानी तोटी फिरवून बसलाय. ही फसवणूक परीक्षकाची नाही, विद्यापीठाची नाही. ही आपल्याच घराची हकालपट्टी आहे, आणि तिच्यावर पास असा शिक्का बसतो. या असल्या पासावर मी थुंकते!

उद्या मी शाल घेणार नाही आणि लांबण लावणार नाही. परीक्षा या रविवारी आहे. त्या भोकरच्या बाईकडं बघून मी सगळ्यांना एकच सांगणार आहे. विकतची वही दुकानात नेऊन टाका, आणि या रविवारी घरातलं एक माणूस हाताला धरून आणा, त्या खुर्चीवर बसवा, आणि ते जे बोलेल ते न खोडता लिहा. जागा जाईल का, असं ती विचारेल. मी तुमच्यासारखं 'जाईल' म्हणेन. ते म्हणायला काय लागतं हे मला आज कळतंय.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? भाषणाच्या कागदांत राहील. एक मात्र उद्या तिथं सांगता येणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते. माझ्या नांदेडच्या घरावर आता टाकी आहे. परवा मोरीतला नळ उघडा राहिला होता, आणि माझा हात सरळ तोटीकडं गेला. घागर माझ्या घरात नाहीच. त्या चाचणीत मला आता पुरे गुण पडतील, बाई.