दवाखाना दहा मिनिटांवर होता

मुलुंड,
१२ नोव्हेंबर १९८७

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. बोरिवलीच्या जागेचा ताबा मिळाला, बरं झालं. जयावहिनीला मोठं स्वयंपाकघर हवं होतं, तसंच आहे म्हणे.

मी बरी आहे. साड्यांना फॉल लावायचं काम पुन्हा धरलंय. लहानपणी पोलिओ झाला, पण हाताने चालवायची तीनचाकी मिळाली तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. तोवर पाठुंगळीवर नाहीतर रिक्षात घालून नेत मला. तीनचाकीवरून पहिल्यांदा एकटी रेशनला गेले. मग दुकानातून साड्या आणायच्या, पोचवायच्या, येताना आईसाठी मेथीची जुडी. तळहातांना घट्टे पडले, तर ते सगळ्यांना दाखवत सुटले होते.

मग तुझं लग्न निघालं. मुलीकडचे यायच्या आदल्या दिवशी तू गाडी भंगारवाल्याला देऊन टाकलीस. विचारलं तर म्हणालास, "रस्त्याने हात मारत फिरतेस, लोक भिकारीण समजतात. आमची लाज काढू नकोस." आई स्टोव्हला पंप मारत राहिली. पाहुणे आले तेव्हा मला शेजारच्या शेवंतीमावशीकडे बसवलंत. भिंतीपलीकडून तुमचं हसणं ऐकू येत होतं. काम गेलं. पुढची दोन वर्षं मी दारातून गल्ली पाहिली.

दादा, आई गेली त्या दिवसाबद्दल मी तुला खोटं सांगितलं. ती झटक्यात गेली नाही. तू वहिनीला घेऊन वेगळा राहत होतास, आणि अख्खी चाळ मैदानातल्या लग्नाला गेली होती. मला नेणार कोण, म्हणून आई माझ्याजवळ थांबली. साडेबाराला तिच्या छातीत कळ आली. मी हातांवर सरकत उंबरठा ओलांडला, गटारापर्यंत गेले, ओरडले. लाऊडस्पीकरपुढे ते कोण ऐकतंय! आतून आई हाका मारत होती. मला नाही, तुला. "चंदू, चंदू." आणि दवाखाना, तीनचाकी असती तर, दहा मिनिटांवर होता. दोनला मावशी आमच्यासाठी जेवणाची ताटं घेऊन आल्या, तोवर हाका थांबल्या होत्या. स्मशानातून आल्यावर तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून विचारलंस, "तिला त्रास नाही ना झाला?" मी म्हटलं, नाही.

हे मी मरेपर्यंत सांगणार नव्हते. पण तू लिहिलंस, "खोली रिकामी कर आणि इकडे ये. चौथा मजला आहे, लिफ्ट नाही, पण तुला खाली उतरायची गरजच पडणार नाही." आणि खाली लिहिलंस, "मी तुझं कधी वाईट केलंय का?" त्याचं हे उत्तर. मी येत नाही. गेल्या महिन्यात अर्ज-विनंत्या करून दुसरी तीनचाकी मिळवलीय, हे पत्रही मीच जाऊन पेटीत टाकणार. तू मला उचलून चार जिने वर नेशील रे. खाली कधी आणशील, ते तू लिहिलेलं नाहीस.

तरीही तुझीच,
सुगंधा