खिडकीखालचा वाफा

सोमवार, ६ मे

पोचले एकदाची. आबा शहरातून निघालेल्या टॅक्सीत मागच्या सीटवर आम्ही चौघी, वर माझ्या मांडीवर कुणाची तरी जिवंत कोंबडी. उतरताना ती कोंबडी मला सोडायलाच तयार नव्हती. शुभशकुन म्हणायचा.

घर पाहून मात्र डोळे निवले. पांढऱ्या भिंती, बोअरचं पाणी, स्वतःचा जनरेटर. ममी यूनिसने दारातच मिठी मारली. घर तिचंच. अंगाने भरभक्कम, चर्चमध्ये मोठा मान, आणि बोलणं असं की साखरेने लाजावं. आरोग्य केंद्रातली नोकरी सोडली म्हणून आई मला अजून ऐकवते आहे, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलीस म्हणते. तिला ही खोली दाखवायला हवी. पिवळ्या फुलांचा पडदा, पंखा, आणि खिडकीखाली नुकताच खणलेला उगूच्या पालेभाजीचा वाफा. वेल काठ्यांना बांधलेले, पानं अजून कोवळी. गजांतून हात घालून भाजी तोडता येईल म्हणाले, तर ममी खूप हसली.

काम सोपं आहे. लग्नाआधी पाय घसरलेल्या सात मुली इथे लपून राहिल्या आहेत. त्यांची बाळंतपणं करायची आणि तोंड बंद ठेवायचं. माझ्याआधीची नर्स ऑगस्टा लग्न ठरलं म्हणून अबुजाला गेली. घाईत गेली असावी, कपाटात कंगवा विसरली आहे. फोन ममीकडे ठेवायचा असतो, मुलींनी आपल्या दिवट्या मित्रांना लावू नये म्हणून. पटलं मला. फाटकावर बोनिफेस नावाचा राखणदार दिवसभर कोयत्याला धार लावत बसतो. एवढी धार कशाला, विचारलं, तर गवत फार वाढतं म्हणाला.

जेवणात उगूचं कालवण होतं, सुकी मासळी सढळ हाताने घातलेली. दोनदा वाढून घेतलं.

बुधवार, ८ मे

मुलींना तपासलं. सगळ्यांना आधी चार शब्द सुनावले, कारण मी तशीच आहे. सहा जणींनी माना खाली घातल्या. सातवी, उरेन्ना, मात्र माझ्याकडे बघून हसत होती. वय एकोणीस, आठवा सरून नववा लागलेला, आणि जीभ कात्रीसारखी. म्हणाली, सिस्टर बेने, तुम्ही इतक्या रागावता की पोर आतच राहायचं म्हणेल. मलाही हसू आलं.

तिला तिच्या काकूने इथे आणून सोडलं. गावात सांगितलंय की ती लागोसला शिवणकाम शिकते आहे. मोकळी झालीस की घेऊन जाईन, असा काकूचा वायदा आहे. उरेन्नाने मला विचारलं, माझी नाळ कुठे पुरली आहे. म्हटलं, आईच्या अंगणात, पामच्या झाडाखाली, दुसरीकडे कुठे पुरणार? ती म्हणाली, इथल्या पोरांच्या नाळा बोनिफेस बादलीतून कुठेतरी फेकून येतो. ज्याची नाळ कुठेच नाही, ते पोर कुणाचं?

उगाच मनाला लावून घेते, म्हणून विषय बदलला. पण शहाण्यासारखं बोलली.

सोमवार, १३ मे

काल दुपारी त्या सहा जणींतली इजेओमा बाळंत झाली. मुलगा, साडेतीन किलो, असा टाहो फोडला की मागच्या परसातली बकरी दचकली. ममी त्याला आशीर्वादाला म्हणून घेऊन गेली. आज सकाळी इजेओमाला सांगितलं की पोर छातीच्या दुखण्याने गेलं, पुरलंसुद्धा. मी वहीत 'सुदृढ' लिहिलं होतं. ममीने ते पान फाडून घेतलं.

खरं काय ते मला माहीत आहे. काल तिन्हीसांजेला मोटारीतून एक बाई आली होती. नऊ महिन्यांची वाटली. मी आपली सवयीने पोटाला हात लावायला गेले, तर पोट सरकलं. नुसत्या चिंध्या होत्या. जाताना तिच्या खांद्यावर ते बाळ होतं.

ममीला विचारलं. ती म्हणाली, पोराला चांगलं घर मिळालं, पोरीची अब्रू वाचली, तुझं काय बिघडलं? खरं सांगायचं तर मला ते थोडं पटलंही. स्वतःची लाज वाटते आहे.

गुरुवार, १६ मे

इजेओमाने आज घरी जाऊ द्या म्हटलं. सकाळचे दहा वाजले होते, लख्ख ऊन होतं. बोनिफेसने तिला केसांना धरून अंगणात आणलं आणि आम्हा सगळ्यांना ओळीने उभं करून कोयत्याच्या पाठीने मारलं. आधी पायांवर, मग पाठीवर. डोकं फुटलं तेव्हा ती ओरडायची थांबली. ममी बाकावर बसून टरबुजाच्या बिया सोलत होती. एक बी खाली पडली, तेवढी तिने वाकून उचलली.

अकरा टाके घातले. टाके घालताना इजेओमाने सांगितलं की हे तिचं इथलं तिसरं बाळंतपण. इथून कुणी घरी जात नाही. इथे पुरुष एकच आहे, तो फाटकावर बसतो.

मी फोन मागितला. नोकरी सोडते म्हटलं. ममीने माझ्या ताटात उगूचं कालवण वाढलं आणि शांतपणे म्हणाली, "ऑगस्टालाही अशीच घाई झाली होती."

फाटकाला आता दोन कुलपं आहेत.

बुधवार, २२ मे

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर लागणार नाही.

काल पोलीस साहेब आले. मला वाटलं, देव धावला. धुणं टाकून पळत गेले, सगळं सांगितलं, मुली, बाळं, कोयता. ते ऐकत होते आणि जेवत होते. जेवून हात धुतले. मग ममीला म्हणाले, तुमच्या नर्सला ताप चढलेला दिसतो.

त्यांची गाडी बाहेर पडली आणि बोनिफेसने माझा उजवा हात दाराच्या चौकटीत धरला. ममीने स्वतः दार लावलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. आवाज मी ऐकला. माझंच हाड, तरी आधी वाटलं की बाहेर कुणी वाळकी काटकी मोडली.

"बाळंतपणाला तीन बोटं पुरतात," ममी म्हणाली.

उरेन्नाने माझी बोटं काठीला बांधली. या वेळी चेष्टा नाही. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

शुक्रवार, २४ मे

उरेन्नाला मुलगी झाली. केस दाट, मुठी आवळलेल्या. नाव तिने लगेच ठेवलं. न्केम, म्हणजे माझी. ममी बाळ घेऊन गेली. सोमवारी मोटार यायची आहे.

उरेन्ना म्हणाली, "सिस्टर, पोर मेलं असं मला सांगू नका. आणि हिची नाळ पुरा. एक तरी जागा हिची असू दे."

नाळेचा तुकडा मी कापसात गुंडाळून कमरेला खोचला. दोघींना बाहेर काढायचं. त्याशिवाय मला तोंड दाखवायला जागा नाही.

रविवार, २६ मे

ममी चर्चला गेली होती. बोनिफेस फाटकावर पेंगत होता. फक्त माझ्या खिडकीखालची जागा तिथून दिसत नाही. म्हणून उगूचा वाफा निवडला. कालवणाच्या पळीने खणलं. माती मऊ होती. कोपरभर खोल गेले आणि पळी कशाला तरी अडकली.

पांढरा कापडी बूट. नाडी नीट बांधलेली. ओढला तर येईना, जड होता.

आत पाय होता.

हातांनी माती काढली. निळा स्वेटर. छातीवर टाचलेलं घड्याळ, आम्ही नर्स लावतो तसं उलटं. चेहरा नव्हता, तिथे कोयता — उगूची मुळं त्यातून आत गेली होती. हीच भाजी. तीन आठवडे. मी दोनदा वाढून —

पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकले. मग न्केमची नाळ ऑगस्टाच्या हातापाशी ठेवली. सांभाळ म्हटलं तिला. माती सारखी केली, वेल पुन्हा बांधले.

उरेन्नाला सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, फाटक फक्त मोटारीसाठी उघडतं.

सोमवार, २७ मे. सकाळ

ठरलं आहे. मोटारवाल्यांच्या हवाली करण्याआधी बाळाला न्हाऊ घालायला हवं असं सांगून ममीकडून मागून घ्यायचं. उरेन्ना मागच्या दारी उभी, बाळ पाठीवर बांधून घ्यायला तयार. तीन दिवसांची बाळंतीण, रक्त अजून थांबलेलं नाही, आणि पळायचं म्हणते आहे. चुलीवर पामतेल कढत ठेवलं आहे. ते माझं काम. कढई डाव्या हाताला पेलते, दोनदा उचलून पाहिली.

बारा वाजून गेले

मोटार आली. फाटक उघडलं. मी कढई घेऊन गेले. बोनिफेसने विचारलं, हे काय. मी त्याच्या तोंडावर ओतली. माणूस असा ओरडतो हे मला ठाऊक नव्हतं. कातडी हातात येत होती त्याच्या. मला वाईट वाटलं नाही, देवा, अजिबात नाही.

उरेन्ना माझ्या बाजूने गेली. न्केमचं डोकं पाठीवर डुलत होतं. फाटकाबाहेर. वळून बघितलं तिने — मी ओरडले, पळ —

माझा पाय धरला कुणी तरी. मोटारीच्या ड्रायव्हरने. मग डोक्यात दगड. ममीचा हात होता, अंगठ्या ओळखल्या.

ड्रायव्हर मोटार वळवून तिच्या मागे गेला.

दुपार

खोलीत कोंडलंय. डावा डोळा उघडत नाही. मोटार परत आली. बाळाचं रडणं ऐकू आलं का? कान लावून बसले. आलं नाही. पण बाळ झोपलेलंही असेल. तिचं तोंड बांधलेलंही —

व्हरांड्यात ममी मुलींना सांगते आहे. सिस्टर बेनेचं लग्न ठरलं. अबुजाला गेली.

थोड्या वेळाने

धप. धप. माझ्या खिडकीखाली.

बोनिफेस. तोंडाला फडकं, नुसता एक डोळा. ऑगस्टाच्या शेजारी खणतो आहे. बाजूला टोपलीत उगूची नवी रोपं, पाणी मारून ठेवलेली.

दारापलीकडे इजेओमा फरशी पुसते आहे. मी फटीतून कुजबुजले. तिने फडका थांबवला. वही फटीतून सरकवेन, ती लुगड्यात —

जो कुणी वाचेल त्याने वाफा खणा. खिडकीखालचा. ऑगस्टा आहे तिथे. न्केमची नाळ आहे, तिच्या आईचं नाव उरेन्ना —

खणणं थांबलं.

गजांना धरून उभी राहिले. खड्डा पाहिला. आयुष्यभर लोकांना खाटेवर मापत आले, माझी नजर चुकायची नाही. लांबी माझ्याएवढी. रुंदी —

एकीपुरती आहे.

एकीपुरताच खणला आहे! सापडली नाही. उरेन्ना त्यांना सापडली नाही. दोघी

कुलूप. पावलं दोघांची. इजेओमा, घे, ही घे लव