बारकी चिप, मोठं कार्ड

१८ सप्टेंबर

ढगात ठेवू म्हणे! सगळे फोटो ढगात! अंकुरनं आज मीटिंगमध्ये हे इंग्रजीत सांगितलं म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. मराठीत सांगितलं असतं तर चहावालाही हसला असता.

मी विचारलं, आर्णीच्या पुढं बंजारा तांड्यावर रेंज कुठाय? तर म्हणतो, "येईल ना मॅडम, दोन वर्षांत." म्हणजे दोन वर्षं बोंडअळीनं उपास धरायचा. तिले तशी नोटीस पाठव म्हणा!

हा आमच्या मालकांचा, किसनभाऊंचा पुतण्या. पुण्याहून कसला तरी कोर्स करून आला, अन् आल्याबरोबर माझ्या मशीनचा मालक झाला. आयत्या बिळावर नागोबा! यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या या शेडमध्ये आजवर पंपाचे स्टार्टर बनत होते. हातात धरायचा कॉम्प्युटर बनवू, तो कपाशीत फिरणाऱ्या बायांले देऊ, त्या बोंड फोडून फोटो काढतील, अळी कुठं लागली ते आर्णीच्या महिला गटाले वेळेवर कळेल — हे निघालं माझ्या डोक्यातून. बोर्डही मीच काढला. अन् हा विचारतो, "पण कार्ड कायले पाहिजे?"

अरे, मशीन वावरात राहते अन् कार्ड काळीपिवळी जीपच्या ड्रायव्हरजवळ देऊन आर्णीले पाठवता येते, याच्यासाठी! रेंज नसली तरी ड्रायव्हर असतोच. पण कोर्समध्ये काळीपिवळी कुठं शिकवतात!

२० सप्टेंबर

ढग फाटला. आता भांडण कार्डाच्या खाचेवर आलं.

अंकुरले मोबाइलमधली नखाएवढी चिप पाहिजे. "मशीन स्लिम दिसते." मशीन काय वरातीत मिरवायची आहे? मले मोठं कार्ड पाहिजे, टपाल तिकिटाएवढं, कॅमेऱ्यात असते ते. हाताले लागते. खाली पडलं तर दिसते. ती चिप काळ्या मातीत पडली तर पुढच्या वखरणीलेच भेटन.

मग म्हणे, "चिपले खोळ लावून मोठी करू." खोळ! उशी आहे काय ती!

किसनभाऊ बिचारे दोघांचंही ऐकून डोकं धरून बसले. शेवटी म्हणाले, "मशीनच्या डब्याचा साचा एकदा कापला की खाच बदलता येत नाही, हे मले समजते. बाकी तुमचं तुम्ही पाहा. एक मशीन बारक्या चिपची बनवा, एक मोठ्या कार्डाची. दोन्ही वावरात फिरू द्या. टिकन ते खरं. अन् ज्याचं टिकन, पुढचं सगळं काम त्याच्या हाताखाली."

अंकुर हसला. हस बाबा.

२२ सप्टेंबर

मोठं कार्ड आणायले यवतमाळात तीन दुकानं हिंडली. तिसऱ्यानं खोक्याच्या तळातून काढलं, फुंकर मारून दिलं. "हे आता कोण घेते मॅडम? फोटो स्टुडिओवाले घ्यायचे."

त्याच्याच काचेवर पाटी — 'चिपमध्ये गाणे भरून मिळतील'. पोरं रांगेत उभी. चिप द्यायची, तो आधीचं सगळं पुसतो, गाणे भरून देतो. हे मी अंकुरले सांगितलं. माझं कार्ड कोणाच्याच फोनमध्ये जात नाही, म्हणूनच पाहिजे! कोणी काढून करन काय त्याचं? तर म्हणतो, "मॅडम, तुम्ही लोकांवर भरवसाच ठेवत नाही."

ठेवत नाही. लोक पाहिले आहेत मी.

२७ सप्टेंबर

तांड्यावर जाऊन मशीनी देऊन आली. गटानं दोघी निवडल्या, त्या निघाल्या सासू-सुना! म्हणजे एका घरात दोन मशीनी. निवड करणाऱ्यांचं डोकं कुठं होतं कोण जाणे.

सून जया. बी.ए. झालेली, बोलायले चटपटीत. मनगटावर नवऱ्याचं नाव गोंदलेलं, जत्रेतल्या मशीनवर. 'संजय' मधला य वाकडा! मी तिले बटनं समजावून राह्यलती अन् लक्ष सारखं त्या य कडं. जन्माचं गोंदायचं तर निदान शुद्ध तरी गोंदावं!

सासू रुक्माबाई. मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत पांढऱ्या बलिया, बंजारा बायांच्या त्या रुंद बांगड्या, गळ्यात थैलीत जुना बटनाचा फोन. हात हलला की खडखड. मशीन उलटी धरली. मी सरळ करून दिली, तिनं परत उलटी धरली अन् हसली.

एक नंबरची, बारक्या चिपवाली, जयाले दिली. दोन नंबरची, मोठ्या कार्डाची, रुक्माबाईले. मुद्दामच. म्हातारीच्या हाती टिकलं तर कोणाच्याही हाती टिकन. काम सोपं आहे — एका तळहातावर फोडलेलं बोंड, दुसऱ्या हातानं फोटो. रोज वावरातल्या दोन पट्ट्या पाहायच्या, एकीनं एक.

किसनभाऊंनी सांगून ठेवलं होतं, जिचं काम चांगलं निघन तिले लोहाऱ्यात नोकरी, बाकीच्या बायांले शिकवायची. तर जयानं लगेच विचारलं, "यवतमाळात खोली भेटन का मॅडम? मले बी.एड. करायचं हाय. इथून जाणं-येणं जमत नाही." बाजारात तुरी! अजून एक फोटो काढला नाही अन् खोली पाहून राह्यली.

२ ऑक्टोबर

अंकुरनं माझ्या बोर्डाचा फोटो स्वतःच्या स्टेटसले ठेवला. खाली लिहिलं — 'आपला नवा प्रोजेक्ट'. आपला!

७ ऑक्टोबर

तांड्यावर फोन लावला. दोनदा लागला, दोनदा तुटला. जया तेवढ्यात म्हणे, "मॅडम, ते मशीनचं एक सांगायचं होतं—" झालं. बिघडवली असन! चटपटीत लोकांचं असंच असते.

१४ ऑक्टोबर

जिंकली! जिंकली! जिंकली!

सगळं नीट लिहून ठेवते, पुढं कोणी नाकारायले नको.

अकरा-साडेअकराले सगळे जमले. किसनभाऊ, अंकुर, गटाच्या अध्यक्ष हंसाबाई, शेडमधले सगळे, अन् भिंतीशी खुर्च्यांवर सासू-सुना. आधी दोन नंबर. रुक्माबाईचं मोठं कार्ड काढलं, माझ्या कॉम्प्युटरमध्ये लावलं. फोटो दोनशेच्या वर, रोजचे, तारीखवार, एकही फाईल फुटलेली नाही. हंसाबाई म्हणाल्या, "दाखवा तरी एखादा." मी म्हटलं, फोटो पाहायची गरज नाही, परीक्षा कार्डाची आहे, बोंडाची नाही. मोजणी पडद्यावर आहे, वाचून घ्या.

मग एक नंबर, जयाची. चिप लावली. अन् काय सांगू! एक फोटो नाही. बोंड नाही, अळी नाही, पान नाही. नुसते गाणे! मी मुद्दाम पहिलं लावलं, आवाज मोठा करून. लेंगी! तांड्यावरचं होळीचं गाणं, ऑक्टोबरात, लोहाऱ्याच्या शेडमध्ये! पोरं तोंडावर हात ठेवून हसू लागली. रुक्माबाई तेवढी खूष — मान हलवून ओठातल्या ओठात म्हणून राह्यलती, बलिया वाजवत. कशाची मीटिंग आहे हेच तिले समजलं नव्हतं. तिले मराठी निम्मीच समजते.

किसनभाऊंनी विचारलं, "काहून वं पोरी, हे काय होय?"

जयानं आधी सासूकडं पाह्यलं. मग पदर पुढं ओढला, मान खाली घातली. एक शब्द नाही! बी.ए. झालेली! मी म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कायले? सगळ्यांपुढं वाजून राह्यलं.

अंकुर मधात पडला. "मॅडम, तिले एकटीले बोलावून विचारा तरी." याले जयाची काय पडली! चिप वाचवून राह्यलता स्वतःची. मी म्हटलं, विचारायचं काय? बारकी चिप कोणाच्याही फोनमध्ये जाते, दुकानात जाते, पुसून गाणे होऊन येते. मी महिन्यापासून हेच सांगून राह्यली.

हंसाबाई म्हणाल्या, नोकरीसाठी पोरीचाही विचार करा, शिकलेली आहे. तेव्हा मी बोलली — "जी कामाच्या मशीनमध्ये गाणे भरते, ती बाकीच्या बायांले काय शिकवणार? नाचायले?" पोरं खो-खो हसली. किसनभाऊ नाही हसले, पण मान्य केलं. मोठं कार्ड पक्कं. मशीन माझ्या हाताखाली. नोकरी रुक्माबाईले.

निघताना जया गेटपाशी थांबली होती. सासू ऑटोत बसली होती. हळूच म्हणे, "मॅडम, फोटो पाह्यले का तुम्ही?"

मी म्हटलं, पाहायचं काय त्यात! मोजले ना.

ती ऑटोत जाऊन बसली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, इथं तर बोंबही नाही! आज पेढे आणले. अंकुरले दोन दिले.

१७ ऑक्टोबर

हंसाबाईंचा फोन. जया माहेरी गेली म्हणे, ढाणकीकडं. "पोरगी मनाले लावून घेते." घेऊ दे. बी.एड. ढाणकीलेही करता येत असन.

२१ ऑक्टोबर

रुक्माबाईची पहिली शिकवणी. दहा बाया जमवल्या, म्हातारीले समोर बसवलं, दोन नंबरची मशीन हाती दिली. उलटी धरली!

मी सरळ केली. तर इकडून तिकडून पाहते अन् मले म्हणते, "बाई, ते गाण्याचं मशीन कुठी हाय?" बाया हसल्या. मी म्हटलं, रुक्माबाई, गाणे राहू द्या, फोटो काढून दाखवा. चालू करायचं बटनच सापडेना तिले! म्हणे, "सून कवा येते?" सुनेले बोलावून राह्यली!

दहा बायांपुढं घाबरली असन. वय झालं. दोनशेच्या वर फोटो काढणारी बाई बटन विसरते कशी, काही समजत नाही. शेवटी मीच शिकवलं सगळ्यांले. म्हातारी कोपऱ्यात बसून चहा प्याली, बशीत ओतून, फुरके मारत.

अंकुर दारात उभा राहून पाहून राह्यलता. "मॅडम, काही तरी गडबड वाटते." म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं! तू तुझी खोळ शिव जा.

२४ ऑक्टोबर

साचा गेला कापायले. खाच मोठ्या कार्डाची, वर रबराचं झाकण, धूळ जाणार नाही असं. किसनभाऊंनी नारळ फोडला. आता ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही.

खोटं कायले लिहू — लय बरं वाटलं. माझी मशीन.

२६ ऑक्टोबर

गटाच्या पोस्टरले एक फोटो पाहिजे होता. रुक्माबाईच्या कार्डातला पहिला उघडला, मोठा केला. आजवर उघडलाच नव्हता.

तळहातावर बोंड, मधात अळी, अगदी साफ. मनगटावर एकही बलिया नाही. हिरव्या काचेच्या दोन बांगड्या, अन् त्याच्या खाली गोंदण. संजय. य वाकडा.

दुसरा उघडला. तिसरा. सासूच्या पट्टीचे, सुनेच्या पट्टीचे, सगळे उघडले. सगळ्यात तोच हात.

मशीनी बदलून घेतल्या होत्या घरच्या घरी. बारकी चिप म्हातारीच्या फोनमध्ये जात होती, म्हातारीनंच ती मागितली असन, गाणे भरून आणली असन. अन् दोघींचं काम जयानं एकटीनं केलं, मोठ्या कार्डाच्या मशीनवर. दहा माणसांत, सासू बाजूले बसली असताना, हे तिनं सांगावं कसं? मी नाचायले म्हटलं तिले.

फोटो पाह्यले का, विचारलं होतं तिनं. पाह्यले.

सकाळपासून जयाले फोन लावून राह्यली. रेंज नाही.